बिननावाची यादी

गुरुजींचं नाव मी सांगणार नाही. आमच्या गावाचंही सांगणार नाही. मालवण तालुक्यात खाडीच्या काठाला आहे, एवढं पुरे. गुरुजींना एवढंही जास्त वाटलं असतं. "तालुका कशाला लिहिलात, बाई? जिल्हा पुरेसा होता," असं म्हणाले असते, आणि थोडा विचार करून, "जिल्हा तरी कशाला?" असंही.

मी त्याच गावची. साठ सालाच्या आगेमागे गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा ते हेडमास्तर होते. शाळेत शिक्षक दोनच, ते आणि मी. तरी हजेरीपुस्तकात सही करताना ते डाव्या हाताचा आडोसा धरायचे. बाजारातून मासळी आणली तर कोणती आणली ते कळू नये म्हणून दोन कागदांत गुंडाळून वर फडकं बांधायचे. मागून दोन मांजरं चालत यायची, त्यांचं काय करायचं ते गुरुजींना शेवटपर्यंत सुचलं नाही.

वार्षिक परीक्षेचा निकाल नावं न घेता सांगायचा, हा त्यांचाच शोध. कुणाची अब्रू जाऊ नये म्हणून. सगळा वर्ग समोर बसवून ते फक्त नंबर वाचायचे. "सात नंबर नापास." सात नंबर पहिल्याच रांगेत बसलेला असायचा आणि तिथल्या तिथे भोकाड पसरायचा. गुरुजी माझ्याकडे वळून समाधानाने म्हणायचे, "पाहिलंत? नाव कुठेही आलं नाही."

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकी म्हणायचो. काकींना लपवाछपवी जमत नसे, त्यामुळे दोघांचा संसार समतोल होता. "ह्यांका इचारलंय आमटी कशी झाली, तर आधी दार लावून घेतत," असं त्या विहिरीवर सगळ्यांना सांगायच्या.

ह्या स्वभावाला सरकारी शिक्का बसला तो एक्कावन्न सालच्या शिरगणतीत. गणती करणाऱ्यांना सांगितलं होतं की घराघरातून मिळालेली माहिती गुप्त ठेवायची. सरकारने ही सूचना देशभर गावोगावच्या मास्तरांना दिली असेल. मनावर घेतली ती आमच्या गुरुजींनी. पुढे एकदा खालच्या वाडीतला एक मासेमार त्यांच्याकडे आला. त्याला मुंबईच्या गोदीत नोकरी लागायची होती आणि वय लिहून द्यायचं होतं. गणतीच्या वेळी त्याच्या आईने गुरुजींना ते सांगितलं होतं, आणि आई मागाहून वारली होती.

"गुरुजी, माझा वय तुमका म्हायत आसा."

"आहे."

"मगे सांगा."

"ती माहिती गोपनीय आहे."

"पण ता माझाच वय आसा."

"असेल. त्याला मी होय म्हणणार नाही, आणि नाहीही म्हणणार नाही."

बिचारा अंदाजाने तिशी सांगून गोदीत लागला आणि पुढे अंदाजानेच निवृत्त झाला. एकसष्टच्या गणतीत असं काही घडलं नाही. म्हणजे घडलं असेल तर गुरुजींनी ते सांगितलं नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एक डॉक्टरीणबाई आमच्या गावात आल्या. आमच्याकडचे पुरुष मुंबईला गिरण्यांत जात आणि त्यांतले काही छाती बिघडवून परत येत. क्षयावर तोवर औषध निघालं होतं. गोळ्या आणि इंजेक्शनं वर्ष-दीड वर्ष नेमाने घेतली तर माणूस बरा होत होता. पण औषध घ्यायला आधी रोग आहे असं म्हणावं लागतं, आणि आमच्या गावात तो कुणालाच नव्हता. आमच्याकडे हवापालटाला आलेले होते, मुंबईचं पाणी बाधलेले होते, दृष्ट लागलेले तर ढिगाने होते. ज्या घरात क्षय, त्या घराशी सोयरीक कुणी करत नसे, त्यामुळे क्षय नसणंच बरं पडत होतं.

डॉक्टरीणबाईंकडे तपासणीची गाडी एकच आणि औषध मागणारी गावं तीन. ज्या गावाला गरज जास्त तिथे गाडी दर आठवड्याला येणार होती. त्यासाठी त्यांना आमच्या गावाची पुरी मोजदाद हवी होती. घरात माणसं किती, वयं काय, मुंबईहून कोण कधी परतलं, खोकला कुणाला आणि किती दिवसांचा. "मला नावं अजिबात नकोत," त्या म्हणाल्या. गुरुजींचा चेहरा उजळला. "पण बाकी सगळं खरं आणि नेमकं हवं." चेहरा पुन्हा मावळला.

गावाचा विश्वास असा माणूस दुसरा नव्हता, म्हणून काम त्यांच्याकडे आलं. बायकांशी बोलायला मी बरोबर. पहिल्या दिवशी कुठल्याच घरात कुणी खोकत नव्हतं. एका घरात तर माजघरातून खोकल्याची उबळ ऐकू येत असताना म्हातारीने आम्हाला शांतपणे सांगितलं, "ती म्हस आमची." गुरुजींनी टाक खाली ठेवला आणि तुळशीसमोर उभे राहून सांगितलं, "आजी, तुमच्या घराचं नाव माझ्या हातून कुठल्याही कागदावर जाणार नाही. गेलं तर मी मास्तरकी सोडीन." म्हातारीने माजघराचं दार ढकललं आणि आतल्या मुलाकडे बोट करून म्हणाली, "माझो झील. सा म्हयने झाले."

असं करत नऊ घरं बोलली. खोकल्याचं दहावं घर आमचं होतं.

माझा दादा दिवाळीआधी गिरणीतून परत आला होता. वडील लोकांना रजा सांगत होते. मागच्या पडवीत त्याचं अंथरूण होतं आणि तिथला दरवाजा आम्ही दिवसाही बंद ठेवत होतो. आठ महिन्यांपूर्वी रजेवर आला तेव्हा होडी वल्हवणारा माणूस, आता अंगणापर्यंत आला तरी बसून घ्यायचा. आणि नेमकं त्याच वेळी धामापुराकडच्या एका घरात माझं लग्न जमत आलं होतं. मुलाची मामी आमच्याच गावात दिलेली. ती दिवसातून दोनदा आमच्या अंगणावरून जायची, एकदा पाण्याला आणि एकदा बघायला.

वडिलांनी गुरुजींना खुर्ची दिली आणि म्हणाले, "आमच्याकडे काय, सगळी बरी आसत." मी कागद हातात घेऊन उभी होते. गुरुजींनी वडिलांना पुढे काहीच विचारलं नाही. मला म्हणाले, "बाई, आपल्या घराचा कागद आपणच भरा. मला घाई आहे." त्यांना कसलीही घाई नव्हती. बाहेर जाऊन ते माडाच्या बुंध्याकडे बघत उभे राहिले.

मी खरं लिहिलं. धीट होते म्हणून नव्हे. लग्न मोडलं तर दुसरं जमेल, दादा दुसरा मिळणार नाही, एवढा साधा हिशेब होता.

मग गुरुजी अहवाल करायला बसले. गुप्तता आणि उपयोग ह्या दोन गोष्टींपैकी उपयोग त्यांनी पहिल्याच झटक्यात वगळला. पहिला अहवाल असा होता: "गावात बरीच घरे आहेत. त्यांत लहान, मोठी व बरीच मोठी माणसे राहतात. काही खोकतात." डॉक्टरीणबाईंचं उलट टपाली पत्र आलं. भाषा फार सभ्य होती. ह्यावरून गोळ्या किती आणाव्यात ते समजत नाही, आणि दुसऱ्या एका गावाने नेमके आकडे दिले असल्याने गाडी बहुधा तिकडे पाठवावी लागेल, असं त्यात होतं.

गुरुजी दुखावले. "आकडे दिले की माणूस ओळखू येतो, बाई. बावन्न वर्षांचा, एक डोळा अधू, भुंकल्यासारखा खोकणारा असं लिहिलं तर नाव न लिहून काय लपलं?"

"डोळा नका लिहू. पण वय आणि खोकला तरी लिहा."

"वयावरून ओळखतील."

मी तोवर त्यांच्याशी वर मान करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "गुरुजी, कुणी ओळखलं नाही आणि माणूस मेला, तर तुमची यादी कुणासाठी राखलीत?" त्यांनी डॉक्टरीणबाईंचं पत्र चार घड्या करून खिशात घातलं. हेडमास्तरांना असं बोलल्याबद्दल मला घरी जाईपर्यंत धडकी भरली होती.

पुढचे आठ दिवस ते शाळा सुटली की कपाटामागे बसून लिहीत. आणि खरंच सुंदर तक्ता तयार झाला. वयाऐवजी पाच-पाच वर्षांचे टप्पे केले. धंदे तीनच ठेवले. डोळे, पाय, दाढ्या सगळं गाळलं. खोकल्याचे महिने मात्र अचूक. प्रत्येक घराला एक नंबर. शिरगणतीत दारावर गेरूने घातलेले नंबर घेतले असते तर कुणीही दार बघून घर ओळखलं असतं, म्हणून ते टाळून त्यांनी हाताला आला तो क्रम लावला. मी तक्ता दोनदा तपासला. मला त्यात एकही चूक सापडली नाही. डॉक्टरीणबाईंनाही तो पसंत पडला. गाडी आमच्याच गावाला यायचं ठरलं, येत्या पंधरवड्यात.

इथवर थांबले असते तर हे गुरुजी कसले. गावाने त्यांच्या शब्दावर माहिती दिली होती, तेव्हा शब्द पाळला हे गावाला दाखवायला नको का? रविवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना देवळात बोलावलं. पुरुष सभामंडपात, बायका एका बाजूला पायऱ्यांवर. मुलाची मामी खांबाला टेकून बसली होती, माझ्यापासून दोन हातांवर. गुरुजींनी तक्त्याची प्रत उलगडली आणि म्हणाले, "ह्यात सगळा गाव आहे, आणि कुणीही नाही. ओळखून दाखवा."

"घर क्रमांक एक. माणसे अकरा. मुंबईस तीन. खोकला नाही."

"गावकाराचा घर," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. गुरुजीही हसले. एक लागायचाच.

"घर क्रमांक दोन. माणसे सहा. खोकला नाही."

आता देवळातला गुरव उठून उभा राहिला. आमच्याकडे जत्रेला देवासमोरचा नारळ फुटला की त्याची शकलं घरोघर मानाप्रमाणे वाटतात. पहिलं गावकराला, दुसरं मानकऱ्याला, असं शेवटच्या घरापर्यंत. ह्या क्रमावरून मालवणच्या कोर्टात दोन पिढ्या भांडल्या आहेत, आणि गावातलं शेंबडं पोरही तो झोपेत म्हणून दाखवील. वाटायचं काम गुरवाचं. तो म्हणाला, "गुरुजी, ही तर माझी नारळाची यादी."

कुणी घरं मोजायला बसलं की आमच्या गावात ती त्याच क्रमाने मोजतात. दुसरा क्रम आम्हाला येतच नाही. म्हणून गुरुजींच्या हाताला तो आला, आणि म्हणूनच दोनदा तपासून मला तो दिसला नाही. गुरुजींनी तीन, चार आणि पाच वाचलं. आता नंबर ऐकला की सगळा मंडप घराचं नाव एकदम म्हणत होता. लोकांना मजा वाटत होती. गुरुजींचा चेहरा उतरत चालला होता. ती तुळशीसमोरची म्हातारी माझ्या मागेच बसली होती. तिचं घर सहावं. आमचं एकोणिसावं.

गुरुजींनी वर पाहिलं. माझ्याकडे नव्हे, कुणाकडेच नव्हे. मग कागद नाकाजवळ नेला.

"घर क्रमांक सहा. माणसे सात. खोकला आहे. घर क्रमांक सात. माणसे नऊ. खोकला आहे."

सातवं घर पंचायतीच्या एका पंचाचं. "कोण खोकता माझ्या घरात?" त्याने विचारलं.

"ते सांगता येणार नाही. घर क्रमांक आठ. खोकला आहे."

नववं, दहावं, अकरावं. जन्मात एक आकडा चुकीचा न लिहिलेला माणूस देवासमोर उभं राहून घरामागून घर खोटं वाचत होता. लोक उठून ओरडायला लागले, त्याने आवाज चढवला. एकोणीस आलं आणि गेलं. मामीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण बारावं घर तिचंच होतं आणि ती अजून तिथेच अडकली होती.

"घर क्रमांक एक्केचाळीस. माणसे दोन. दोघंही खोकतात."

ते त्यांचं स्वतःचं घर. सगळा गाव काकींकडे वळला. काकींनी नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथेच बसला असता. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खोकल्या. चांगल्या दोन उबळी काढल्या. पुढे मी पुष्कळ दशावतार पाहिले, पण इतकं चोख काम दुसरं पाहिलं नाही.

शेवटचं घर वाचून गुरुजी म्हणाले, "पहिली पाच घरं मघाशी चुकीची वाचली. त्या घरांतही आहे." आणि कागदाची घडी करून घरी निघून गेले.

सगळीकडे "नाही" वाचणं किती सोपं होतं. कुणी रागावलं नसतं. पण मग पंधरा दिवसांनी गाडीजवळ जो गेला असता त्याच्यावर तिथेच शिक्का बसला असता, आणि दहाही घरांतून कुणी गेलं नसतं. हे गुरुजींना त्या क्षणी सुचलं, की घाबरून जीभ एका वाक्यावर अडकली, ते मला कधी कळलं नाही. विचारून उपयोग नव्हता.

पुढचे पंधरा दिवस गावाला कुणी दारात उभं करीना. आजूबाजूच्या गावांत आमच्याकडचं पाणी पिणं बंद झालं. गावकराच्या नातीची बोलणी पुढे ढकलली गेली. ज्याला त्याला आपण खोकत नाही हे सिद्ध करायचं होतं आणि सिद्ध करायची जागा एकच होती. गाडी आली त्या सकाळी तिच्यासमोर अख्खा गाव रांगेत उभा होता. सर्वांत पुढे गावकर, अर्थातच, आणि मागे त्याच क्रमाने सगळे. दादा अठराव्या आणि विसाव्या घराच्या मध्ये, सदरा घालून, उन्हात उभा होता. कितीतरी महिन्यांनी तो घराबाहेर आला होता आणि कुणीही त्याच्याकडे वळून बघत नव्हतं. मला तिथे रडू आलं, ते मी शिंकेवर भागवलं.

माझं लग्न झालं. नवऱ्याला मी आधीच पत्राने सगळं कळवलं होतं. माझ्यापुरतं सांगायचा अधिकार माझा होता. तो तरीही आला. सासूबाईंना लग्न होईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून कळू दिलं नाही, आणि गावाला दादाचं कळलं तेही फार पुढे, औषध चालू असताना हळूहळू.

गुरुजींचं मात्र व्हायचं ते झालं. गावकराने शिक्षणखात्याकडे अर्ज केला की हेडमास्तर देवळात उभं राहून गावाची खोटी बदनामी करतो. चौकशीला साहेब आले. त्यांनी खरा तक्ता मागितला. डॉक्टरीणबाईंकडे तो होताच. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर गुरुजी सुटले असते, आणि दहा घरं उघडी पडली असती. गुरुजींनी साहेबांना सांगितलं की तक्ता नाही. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "मी सांगते साहेबांना, काय झालं ते."

शाळेच्या आवारात ते कधी मालवणी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "गप ऱ्हव गो तू. कोणाचा तरी घर आसा त्येच्यात."

"कोणाचं?" मी विचारलं.

"माका काय म्हायत."

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली असताना त्यांना हेडमास्तरकीवरून काढून साधा शिक्षक म्हणून पार खाली आरोंद्याला पाठवलं. काकींनी जाताना विहिरीवर सगळ्यांचा निरोप घेतला आणि दोन भांडणंही उरकून घेतली. गुरुजी पहाटेच्या गाडीने आधीच गेले होते. कुठल्या गाडीने जाणार ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

दादाचं औषध पुरं झालं आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला बरा म्हणून सोडलं, तेव्हा मी माहेरी आले होते. दादा म्हणाला, "माका त्येंका भेटूचा आसा." आम्ही एसटीने आरोंद्याला गेलो. वाटेत तो काय बोलायचं ते मनात घोळवत होता, ओठ हलत होते. खाडीजवळच्या भाड्याच्या खोलीत गुरुजी सुपारी कातरत बसले होते. केस पिकले होते. काकींनी दादाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेल्या.

दादा पुढे होऊन म्हणाला, "गुरुजी, मी दीड वर्स..."

"मुंबईहून आलात वाटतं," गुरुजी म्हणाले. "रजा आहे?"

"नाय, गुरुजी, माका जो..."

"गिरणीत बढती मिळाली की नाही? मिळेल. तब्येत तर पहिल्यापासून उत्तम आहे तुमची." आणि मग पाऊस, शाळेचं गळकं छप्पर, आरोंद्याची मासळी. दादाने आणखी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा गुरुजींनी त्याला सुपारी दिली. मला त्यांचा राग आला. माणूस एवढ्या लांबून पाया पडायला येतो, आणि हे त्याला पाया पडायचं कारणच ठेवत नाहीत. काकी आतून म्हणाल्या, "त्येंच्या तोंडातसून काय येवचा नाय रे. च्या घे तू."

परतीच्या एसटीत सावंतवाडीपर्यंत दादाने गुरुजींनी दिलेली सुपारी मुठीतच धरली होती. मग म्हणाला, "सगळो गाव माका भेटलो काय इचारता, आता बरो मां? छाती कशी आसा? मरापर्यंत इचारतले. ह्या एका माणसाकडे मी कधी आजारीच पडूक नाय."

आणि तो खिडकीकडे तोंड करून रडायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.